तीन आठवड्यांच्या रजेत पुण्यात खुबा बदलून परत न्यू जर्सीला जाता येईल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: वय ५८, राहणार न्यू जर्सी, उजव्या खुब्यात एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून हाड मरत जाण्याचा आजार), पावणेदोन वर्षं दुखतंय आणि आता रात्री कूस बदलतानाही कळ येते. तिथल्या सर्जननी सांधा बदलायला सांगितलंय. हॉस्पिटलनं ४८ हजार डॉलरचा अंदाज हातात ठेवलाय. मार्केटप्लेसवरून (तिथल्या सरकारी इन्शुरन्स-बाजारातून) घेतलेल्या इन्शुरन्सचा डिडक्टिबल, म्हणजे कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, साडेसात हजार डॉलर आहे. पुण्यात धाकटा भाऊ राहतो, त्याच्या ओळखीत कुणाचं तरी चार लाखांत झालं. तुम्हाला रजा मिळते तीन आठवडे. तर येऊ का, आणि किती पैसे वाचतील?

मी पुण्यात हाडांचा सर्जन आहे. २२ वर्षं झाली, त्यातलं निम्म्याहून जास्त काम खुब्यांचं. मस्कतहून, नैरोबीहून पेशंट येतात, आणि अमेरिका-इंग्लंडमधले आपले लोक तर दर हिवाळ्यात येतात. तुम्ही इकडे येण्यात माझ्यासारख्यांचा फायदा आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

पैशांचं आधी बोलतो, कारण तिथेच तुमचा हिशेब चुकतोय असं मला वाटतं. तुम्ही ४८ हजार डॉलर आणि चार लाख रुपये शेजारी-शेजारी ठेवलेत. पण ४८ हजार ही हॉस्पिटलची बिलाची रक्कम आहे, तुमच्या खिशातून जाणारी नव्हे. तुमचा प्लॅन खरोखर मार्केटप्लेसचा असेल, तर एका माणसाला एका वर्षात जास्तीत जास्त किती भरावं लागेल यावर कायद्यानं मर्यादा आहे. २०२५ साली ती ९,२०० डॉलर होती, २०२६ साठी १०,६००. तुमच्या प्लॅनची मर्यादा याहून कमीही असू शकेल. हॉस्पिटल, सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर, तिघंही तुमच्या नेटवर्कमधले, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेले, असतील तर त्या आकड्यापुढचं सगळं कंपनीनं भरायचं असतं. हप्ते त्यात धरत नाहीत, नेटवर्कबाहेरचा खर्चही धरत नाहीत. शॉर्ट टर्म (थोड्या काळाच्या) प्लॅनला ही मर्यादा लागू नसते, म्हणून आधी तुमचा प्लॅन नेमका कुठला आहे ते कागद काढून बघा.

आता इकडची बाजू मांडू. पुण्यात चांगल्या हॉस्पिटलात, सेमी-प्रायव्हेट खोलीत, चांगल्या दर्जाचा सांधा घालून एका खुब्याला साडेतीन ते पाच लाख लागतात, असा माझ्यासमोरच्या बिलांचा अनुभव आहे. डॉलर ८५ रुपये धरला तर चार ते सहा हजार डॉलर. एकट्यानं यायचं नाही, त्यामुळे तिकिटं दोन. दोघांचे जाऊन-येऊन अडीच-तीन हजार डॉलर होतात. मुंबई-पुणे गाडी, ऑपरेशनआधीच्या तपासण्या, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, पहिले पंधरा दिवस मदतीचा माणूस, औषधं, वॉकर, कमोड खुर्ची. यात पाऊण-एक लाख सहज जातात. बेरीज आठ ते दहा हजार डॉलरवर येते. आणि बिनपगारी रजा पडली तर तिचे पैसे वेगळे.

म्हणजे तुमच्यापाशी आज जो इन्शुरन्स आहे तो धरला, तर इथे येऊन तुमचे फारसे काही वाचत नाहीत. ४८ हजारांचा आकडा बघून कुणीही घाबरेल, पण तो आकडा तुमचा नाही.

ज्यांच्याकडे इन्शुरन्सच नाही त्यांचं गणित निराळं. त्यांना मी 'या' असंच सांगतो, पण आधी तिथे चौकशी करून. २०२१ पासून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना आपले दर जाहीर करणं बंधनकारक आहे, आणि रोखीनं पैसे देणाऱ्याचा दर वेगळा असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना फोन करून ६२ वर्षांच्या, इन्शुरन्स नसलेल्या आजींचा खुबा बदलायला किती घ्याल असं विचारलं होतं. उत्तरं ११ हजार डॉलरपासून सव्वा लाख डॉलरपर्यंत आली. ऑपरेशन तेच. तेव्हा पहिल्या हॉस्पिटलनं सांगितलेला आकडा शेवटचा मानू नका, दोन-चार ठिकाणी फोन करा.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे, ती कुणी बोललेलं दिसत नाही. एव्हीएन म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरत जाणं. स्टिरॉइडची औषधं, दारू, जुना मार, सिकल सेल अशी कारणं असतात. अनेकदा कारण सापडतही नाही. हा आजार निम्म्याहून जास्त लोकांत दोन्ही बाजूंना होतो. तुम्ही फक्त उजव्या खुब्याचा एमआरआय केल्याचं लिहिलंय. डाव्याचाही झाला पाहिजे. डाव्या बाजूला सुरुवात झाली असेल तर वर्षा-दोन वर्षांत तिकडेही हात लावावा लागू शकतो. अमेरिकेत दोन्ही ऑपरेशनं एकाच कॅलेंडर वर्षात बसवलीत तर दुसऱ्याला तुमच्या खिशातून जवळपास काहीच जात नाही, कारण वर्षाची मर्यादा पहिल्यातच संपलेली असते. इकडे यायचं तर दोन फेऱ्या आणि दोन बिलं. हा एमआरआय होईपर्यंत तिकीट काढू नका.

आणि डावा खुबा अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असेल, गोळा अजून खचून चपटा झाला नसेल, तर तो वाचवायचे उपाय असतात. हाडात भोक पाडून आतला दाब कमी करतात, कधी जोडीनं औषधाच्या गोळ्या देतात. सगळ्यांना फायदा होत नाही, पण गोळा एकदा चपटा झाला की ती वेळ गेलेली असते.

आता तीन आठवडे. याचं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

लोकांना वाटतं, हल्ली तर ऑपरेशनच्या दिवशीच उभं करतात, तिसऱ्या दिवशी घरी सोडतात, मग तीन आठवडे भरपूर झाले. उभं करतो हे खरं आहे. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी वॉकर धरून पलंगाभोवती चार पावलं, दुसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिने चढून दाखवा आणि घरी जा. पण चालता येणं आणि १५-१६ तास विमानाच्या सीटवर बसता येणं यात फार फरक आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर पायातल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका पहिले काही आठवडे सगळ्यात जास्त असतो, तो उतरायला तीन महिने लागतात. म्हणून तर आम्ही रक्त पातळ ठेवणारी गोळी ३५ दिवसांपर्यंत देतो. लांबचा विमानप्रवास हा गुठळीचा धोका वाढवणारा वेगळा घटक. दोन्ही एकावर एक येतात. काही सर्जन लांबच्या प्रवासाला तीन महिने थांबायला सांगतात. मी कमीत कमी सहा आठवडे सांगतो, तेही सगळं सुरळीत असेल तर.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. एक काकू, डॅलसला मुलाकडे राहणाऱ्या, वय ६६. ऑपरेशन छान झालं, बाराव्या दिवशी टाके काढले, जखम कोरडी. अठराव्या दिवशीचं परतीचं तिकीट त्यांनी येतानाच काढलेलं. मी म्हटलं, पुढे ढकला. मुलानं फोनवर चौकशी केली, बदलायला चारशे डॉलर पडत होते, शिवाय नातवाची मुंज जवळ आलेली. काकूंनी मला सांगितलं, "डॉक्टर, मी विमानात दर तासाला उठून चालेन, गोळीही चुकवणार नाही." मी गुठळी टाळायला घालतात ते घट्ट पायमोजे दिले, पत्र दिलं आणि जाऊ दिलं. घरी पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांची डावी पोटरी दगडासारखी कडक झाली. ऑपरेशन झालेलं उजव्या पायाचं, म्हणून त्यांनी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही. मग दम लागायला लागला. मुलानं इमर्जन्सीत नेलं, डॉपलर (पायातल्या शिरांची सोनोग्राफी) आणि सीटी स्कॅन झाले, गुठळी फुप्फुसापर्यंत गेलेली. काकू वाचल्या, आजही दिवाळीला त्यांचा फोन येतो. पण त्या चार दिवसांच्या भरतीत इथे वाचवलेले सगळे पैसे गेले, आणि मी त्या दिवशी 'नाही' ठामपणे म्हणायला हवं होतं हे मला अजून वाटतं. तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या पेशंटला मी पहिल्या फोनवर सांगतो: परतीची तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा, आणि सहा आठवड्यांआधीचं काढणार असाल तर माझ्याकडे येऊ नका.

गुठळी जाऊ द्या, जखमेचं बघू. जखम पाझरायची असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाझरते. नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण चांगल्या हातांतही शंभरात एक-दोन आहे. यात वेळ सगळ्यात मोलाचा. पहिल्या काही आठवड्यांत लक्षात आलं तर पुन्हा उघडून, धुऊन, आतली बदलता येणारी वाटी आणि बॉल बदलून मूळ सांधा बरेचदा वाचतो. उशीर झाला तर जंतू धातूवर घट्ट थर करून बसतात, मग सांधा काढायचा, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवायचा, काही आठवडे औषधं घ्यायची आणि मग नवा सांधा. दोन मोठी ऑपरेशनं आणि वर्षातले कित्येक महिने.

आता कल्पना करा, तुम्ही एकविसाव्या दिवशी न्यू जर्सीला पोहोचलात आणि पंचविसाव्या दिवशी पँटवर ओला डाग दिसला. कुणाला फोन करणार? मी व्हॉट्सअॅपवर फोटो बघेन आणि म्हणेन, आजच दाखवा. पण कुणाला? अमेरिकेत सर्जनच्या फीमध्ये साधारण पुढच्या ९० दिवसांची देखभाल धरलेली असते. तुम्ही त्यांचे पेशंट नाही. दुसऱ्यानं, त्यातही दुसऱ्या देशात केलेला ताजा सांधा हातात घ्यायला तिकडचे बरेच सर्जन नाखूश असतात. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही हे अवघड गेलं असतं, कारण आत नेमकं काय घातलंय आणि काय घडलंय ते त्यांना माहीत नसतं. इन्शुरन्स कंपनी आधीपासूनचा आजार म्हणून नाकारू शकत नाही, पण डॉक्टर मिळणं ही वेगळी गोष्ट. ट्रॅव्हल इन्शुरन्सवर भिस्त ठेवू नका, आधीच ठरवून केलेलं ऑपरेशन आणि त्यातून उद्भवलेला त्रास त्यात सहसा धरत नाहीत.

म्हणून यायचंच ठरलं तर निघण्याआधी एक काम तिकडे करा. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी भारतात ऑपरेशन करून येतोय, आणि नंतर एक्स-रे, रक्ततपासणी, गरज पडल्यास सर्जनकडे पाठवणं कराल का? जमलं तर आत्ता ज्या सर्जननी तुम्हाला तपासलं त्यांनाच विचारा. काहीजण रागावतात, काहीजण चक्क 'हो' म्हणतात. हा 'हो' मिळाल्याशिवाय निघणं मला बरोबर वाटत नाही.

इतकं सगळं सांगून झाल्यावर, कुणाला मी 'या' म्हणतो? ज्याला इन्शुरन्स नाही किंवा ज्याच्या प्लॅनला मर्यादा नाही. ज्याला आठ-दहा आठवडे काढता येतात. ज्याचं इथे जवळचं माणूस आहे, नुसतं घर नाही. आणि ज्याचे इतर आजार आटोक्यात आहेत. ६३-६४ च्या पुढच्यांना मी बरेचदा आधी विचारतो की दुखणं सोसवतंय का, कारण ६५ ला मेडिकेअर, म्हणजे अमेरिकन सरकारचा ज्येष्ठांसाठीचा इन्शुरन्स, लागू होतं. तुमच्या बाबतीत सात वर्षं थांबा असं कुणीच म्हणणार नाही, रात्रीची झोप जाते तेव्हा वेळ आलेली असते.

इथल्या सर्जनच्या हाताबद्दल मनात शंका असेल तर ती काढून टाका. आपल्याकडे खुबा बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण एव्हीएन आहे. पाश्चात्त्य देशांत ते म्हातारपणची झीज आहे. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाचे, मरून चपटे झालेले गोळे बदलायचा सराव इथल्या चांगल्या सर्जनना भरपूर असतो. प्रश्न चांगला सर्जन शोधण्याचा आहे. एनएबीएच (भारतीय) किंवा जेसीआय (आंतरराष्ट्रीय) मान्यता असलेलं हॉस्पिटल निवडा, पण ती मान्यता हॉस्पिटलच्या कारभाराला असते, सर्जनच्या हाताला नव्हे. व्हिडिओ कॉलवर सरळ विचारा: वर्षाला किती खुबे करता, ऑपरेशन स्वतः करणार का, सांधा निखळला किंवा जंतू झाले तर त्याचंही ऑपरेशन तुम्हीच करता का, गेल्या वर्षी किती जणांना जंतुसंसर्ग झाला. शेवटच्या प्रश्नाला 'आमच्याकडे कधीच होत नाही' असं उत्तर आलं तर दुसरा सर्जन बघा.

त्या कॉलच्या आधी एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल पाठवा, कमरेपासून दोन्ही खुबे येतील असा उभ्यानं काढलेला. खिडकीच्या काचेवर धरून मोबाइलनं काढलेला फोटो आम्हाला रोज येतो, त्यावरून सांध्याचं माप काढता येत नाही.

'पॅकेज' या शब्दाकडे जरा लक्ष द्या. आपल्याकडे बिल खोलीच्या वर्गावर ठरतं. तोच सर्जन, तेच थिएटर, तोच सांधा, पण जनरल वॉर्डऐवजी सिंगल रूम घेतली की सर्जनची फी, थिएटरचं भाडं, भूलतज्ज्ञांची फी, सगळंच वर चढतं. शिवाय बऱ्याच हॉस्पिटलांत परदेशी पेशंटचा दर वेगळा असतो, तो तुम्हाला लागू करणार का हे आधी विचारा. पॅकेजमध्ये सांध्याची किंमत आहे की नाही, असेल तर कुठल्या प्रकारच्या सांध्याची, आयसीयूत एक रात्र काढावी लागली तर काय, रक्त लागलं तर काय, हे लेखी मागा. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर सरकारनं २०१७ साली कमाल मर्यादा घातली. खुब्याला तशी मर्यादा नाही, त्यामुळे इथे फरक बराच पडतो.

सांधा कुठला? तुमच्या वयाला मी बहुधा बिनसिमेंटचा घालेन, सिरॅमिकचा बॉल आणि खास प्रक्रिया केलेल्या टिकाऊ प्लॅस्टिकची वाटी. अमेरिकेत जे वापरतात तेच इथे मिळतं, बऱ्याचदा त्याच कंपनीचं. पण नाव महत्त्वाचं आहे ते दुसऱ्या कारणासाठी. प्रत्येक भागाच्या डब्यावर एक स्टिकर असतं, त्यावर कंपनी, माप, आरईएफ नंबर आणि लॉट नंबर छापलेला. नर्स ते ऑपरेशनच्या कागदावर चिकटवते. त्या पानाचा स्पष्ट फोटो काढा, छापील प्रत घ्या, ईमेलवर स्वतःला पाठवून ठेवा.

२०१० साली एका मोठ्या कंपनीनं धातूवर धातू घासणारा एक खुबा जगभरातून परत बोलावला. भारतातही तो हजारो लोकांत बसवलेला होता, आणि नंतर शोधायला गेले तेव्हा त्यातल्या फार मोठ्या संख्येचा पत्ताच लागला नाही. कुणात काय बसवलंय याची नोंदच हाती नव्हती. अजून एक, माझ्याच टेबलावरचं. दुसऱ्या देशात बारा वर्षांपूर्वी खुबा बदललेले एक गृहस्थ आले, वाटी झिजलेली, हाडातली दांडी मात्र घट्ट. फक्त वाटी आणि बॉल बदलून काम होणार होतं. पण दांडीच्या टोकावर बसणारा बॉल त्याच मापाचा लागतो, आणि कागद एकही नाही. जुन्या एक्स-रेवरून अंदाज बांधत आम्ही तीन कंपन्यांचे सेट मागवून ठेवले आणि थिएटरमध्ये एकेक लावून बघितला. तिसरा बसला. नसता बसला तर घट्ट दांडी हाड फोडून काढावी लागली असती. तुम्ही ५८ चे आहात, हा सांधा वीस वर्षं किंवा त्याहून जास्त चालावा अशी अपेक्षा आहे. वीस वर्षांनी तो कोण उघडेल, कुठल्या देशात उघडेल, कुणाला ठाऊक.

तयारीतल्या दोन-तीन गोष्टींवर इथे येणारे लोक नेमके अडकतात. तिकडच्या डॉक्टरांनी दुखण्यासाठी खुब्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर त्यानंतर तीन महिने सांधा बदलू नये, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दिलं असेल तर तारीख सांगा, लपवू नका. दुसरं, दात. अमेरिकेत दातांचे पैसे फार, म्हणून 'एकाच फेरीत खुबाही आणि रूट कॅनॉलही' असं ठरवून लोक येतात. चालेल, पण आधी दात. हिरडीतले जंतू रक्तात उतरून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. दातांचं काम आधी संपवून, तोंड बरं होऊ द्या, मग ऑपरेशन. नंतर तीन महिने दातांचं ठरवून करायचं काम नको. तिसरं, तुम्ही मधुमेहाचा उल्लेख ओझरता केलाय. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) साडेसातच्या आसपास किंवा खाली आणून या. साडेआठ-नऊवर मी तारीख देत नाही, आणि विमानातून उतरलेल्या माणसाला 'परत जा' म्हणणं मलाही जड जातं. तंबाखू-सिगारेट असेल तर महिनाभर आधी बंद.

उतरल्याबरोबर दुसऱ्या दिवशी टेबलावर चढायचं नाही. चार-पाच दिवस जाऊ द्या. विमानात घसा धरतो, खोकला येतो, झोपेचं चक्र उलटं झालेलं असतं. तेवढ्यात तपासण्या होतात आणि भूलतज्ज्ञ तुम्हाला नीट बघतात.

व्हिसाचं विचारलंत. तुमच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड आहे, त्यामुळे वेगळा मेडिकल व्हिसा लागत नाही. पत्नीचंही कार्ड तपासून घ्या. एचएसएमधले (करमुक्त आरोग्य-बचत खात्यातले) पैसे परदेशातल्या उपचारालाही वापरता येतात, त्यामुळे हॉस्पिटलकडून एकरकमी पावती न घेता बाबवार बिल घ्या आणि तिकडच्या तुमच्या सीपीएला (अकाउंटंटला) दाखवा.

शेवटचं, भावाचं घर. तुम्ही 'राहायची सोय आहे' एवढंच लिहिलंय. मला त्याहून जास्त कळायला हवं. कितवा मजला, लिफ्ट आहे का, आणि लाइट गेल्यावर ती चालते का? घरी दिवसभर कोण असतं? पहिले सहा आठवडे खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर नाहीच, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. बुटाची नाडी बांधायला वाकायचं नाही. जमिनीवर बसून जेवायची घरातली पंगत, सत्यनारायणाला पाटावर बसणं, या गोष्टी आग्रहानं होतात आणि सांधा निखळतो तो अशाच वेळी. भावाला फोन करून सांगा की पेशंटच्या खोलीत खुर्ची हातांची आणि उंच असावी, बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर येता कामा नयेत. बाथरूममध्ये ओल्या फरशीवर रबरी मॅट. आणि इंचपट्टी घेऊन कमोडची उंची मोजायला सांगा. आपल्याकडचे कमोड बरेचदा १५-१६ इंचांचे असतात, तुम्हाला ते कमी पडतील. वर बसवायचं प्लॅस्टिकचं उंच सीट सर्जिकलच्या दुकानात मिळतं, ते तुम्ही येण्याआधी बसवून, त्यावर एकदा स्वतः बसून बघितलेलं असू द्या.

डाव्या खुब्याचा एमआरआय आणि प्लॅनच्या कागदावरची वर्षाची मर्यादा, हे दोन्ही हातात आलं की इथेच लिहा. मग पुढचं बोलू.